चिंधीचं झालं फूल!



शिंपीकाकांच्या मशीनखाली पडलेली एखादी चिंधी उचला आणि तिच्या कडेचा धागा ओढून बघा. सर्रकन निघून येतो ना? कापलेली कड अशी सुटत जाते, म्हणून चिंधी टिकत नाही. मग तिला टिकवायचं कसं? घडी घालायची आणि कड लपवायची!

कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी समाज राहतो. त्यांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आले. तिथल्या बायका जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची गोधडी शिवतात. तिचं नाव ‘कवंदी’. कडेपासून टाके घालत घालत त्या मधोमध येतात. कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या तुकड्यांची फुलं लावतात. फुलांशिवाय कवंदी अपुरीच!

आज आपणही घडीचं फूल करू या.

साहित्य : सुती कापडाचे ८ सेंमी बाजूचे ५ चौरस, सुई, दोरा, जुन्या शर्टाचं एक बटण. (नायलॉन नको, त्याची घडी बसत नाही.)

कृती :
१. समोरासमोरचे कोपरे जुळवून चौरसाची घडी घाला. त्रिकोण होईल.
२. त्रिकोणाची पुन्हा मधोमध घडी घालून नखाने दाबा. आता नीट बघा. कापलेल्या सगळ्या कडा एकाच लांब बाजूला आल्या! ही झाली पाकळी. अशा पाच करा.
३. दुहेरी दोरा घ्या. लांब बाजूवर, कडेपासून अर्धा सेंमी आत धावदोरा घाला. सुई चारही पदरांतून गेली पाहिजे.
४. दोरा न तोडता बाकीच्या पाकळ्याही ओवा.
५. सुई पुन्हा पहिल्या पाकळीतून काढा, दोरा हळूहळू ओढा आणि गाठ मारा. चुण्या पडून फूल तयार!
६. मधोमध बटण शिवा. सुट्या कडा त्याखाली झाकल्या जातील.

हे फूल राखीला लावा, पिशवीवर शिवा. पाच-सात जमली की तोरण करा. मात्र आईला विचारल्याशिवाय कपाटातल्या कपड्यांना कात्री लावायची नाही हं!

पालकांसाठी : सुई वापरताना जवळ बसा. पण टाका वाकडा गेला, तर तो मुलांनाच उसवू द्या. उसवून पुन्हा घालताना हात तयार होतो.

जाता जाता एक गणित : आपल्या चौरसाचं क्षेत्रफळ ६४ चौरस सेंमी. मग घडी घातलेल्या पाकळीचं किती? पाटी-पेन्सिल नको. एक चौरस घडी घालून उलगडा आणि घड्यांच्या रेषांनी किती त्रिकोण झाले ते मोजा. उत्तर कापडावरच आहे!