क्यूब की हाडांचा रस?

आमच्या गोव्यातल्या घरी पुलावात चिकन क्यूब पडतोच. नाताळच्या धावपळीत मीही टाकते. त्यात लाज कसली? पण क्यूब म्हणजे मुख्यतः मीठ, कोंबडी नावापुरती. गेल्या पावसात आजी तापाने पडली. तिला रक्तदाब. कांजा, म्हणजे कोंबडीच्या रसातली तांदळाची पेज, करायला मी क्यूब घेतला, तर आई म्हणाली, "गो, ठेव तो!" मान, पाठ, पाय कांदा-मिरीबरोबर दोन तास मंद आचेवर ठेवले. वरची चरबी काढली, मीठ शेवटी, चिमूटभर. आजीने वाटी चाटून पुसून संपवली.

एवढा वेळ कुणाकडे आहे, म्हणाल. रविवारी एकदाच उकळा, बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. तेही क्यूबच की! फक्त त्यातलं मीठ आपल्या हातात असतं.