जोडीने लिस्बन पाहताना

सुट्टीत जोडीने युरोपला जायचे म्हटले की आधी पॅरिस, रोम आठवते. पण दादरा-नगर हवेलीत, सिल्वासाजवळच्या सायलीत राहणाऱ्या जोडप्याने लिस्बनही जरूर पाहावे. १९५४ पर्यंत त्या मुलखावर राज्य होते ते लिस्बनचे!

तिथे पिवळ्या ट्राममधून चढउताराच्या गल्ल्या हिंडाव्यात. नदीकाठचा बेलेंचा मनोरा पाहावा. जवळच्याच जेरोनिमस मठात वास्को द गामाची कबर आहे. मठाचे कोरीवकाम डोळ्यांत भरते. पण त्याच्या खर्चाला पूर्वेकडच्या व्यापारावरील कराचा पैसा लागला, हेही एकमेकांना सांगावे.

२ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले. त्या लढ्यात आपले सुधीर फडकेही होते. पोर्तुगालने मात्र ही गोष्ट मान्य केली ती १९७४ च्या अखेरीस.

बाजारात थोडा कान द्यावा. बटाट्याला तिथेही 'बटाटा'च म्हणतात! आपल्या घरात मराठीत बटाटा, कन्नडमध्ये बटाटे. आपली चावीही तिकडचीच. राज्य गेले, शब्द मात्र घरचे होऊन राहिले. मनातली सल आणि ही ओळख, दोन्ही सोबत घेऊन फिरलात तर तिकिटाचे पैसे वसूल!