आईला विचारल्याशिवाय कसले संशोधन?

संशोधन केंद्राच्या ओलिताच्या वाफ्यात वाढलेले वाण कोरडवाहू रानात का टिकत नाही, हे आपल्याला कुणी सांगायला नको. प्रयोग ठरवताना कोरडवाहू शेतकऱ्याला कुणी विचारलेलेच नसते. गरोदरपणावरच्या आणि ३७ आठवडे भरण्याआधी होणाऱ्या बाळंतपणावरच्या संशोधनाचीही बहुधा हीच गत आहे. प्रश्न ठरवतात डॉक्टर, भोगतात आईबाप.

बाईचे जगणे नीट विचारले तर काय हाती लागते, ते पुण्याजवळच दिसले. १९९३ ते १९९६ या काळात केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. ताटात काय होते एवढेच नव्हे, तर रानात किती राबली, पाणी किती वाहिले, हेही नोंदले. दूध, फळे, पालेभाजी खाणाऱ्या आयांची बाळे जास्त भरली. कष्टाचा भार जास्त, त्यांची लहान निघाली. म्हणजे कापसाची वेचणी आणि ज्वारीची काढणी हाही गरोदरपणाचाच प्रश्न आहे.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत गावच्याच बायकांना शिकवले, आई-आजीला सोबत घेतले आणि अपुऱ्या दिवसांची बाळेसुद्धा घरीच सांभाळली. तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ने ते छापले. आज आशाताई बाळ बघायला घरी येते, ती वाट तिथूनच निघाली.

ब्रिटनमध्ये तर आईबाप आणि डॉक्टर एकत्र बसले आणि अपुऱ्या दिवसांच्या जन्माबाबत आधी कशाचा शोध घ्यायचा, असे १५ प्रश्न त्यांनी मिळून ठरवले. २०१४ साली ते प्रसिद्ध झाले.

आता आपल्या लेकीकडे पाहा. रान पिकेना म्हणून जावई चाकणला कंत्राटावर, बिऱ्हाड रहाटणीत भाड्याच्या खोलीत. पहिली तपासणी पिंपरीत, सातव्या महिन्यात एस.टी.ने माहेरी, बाळंतपण तालुक्याला. शहराच्या नोंदवहीतून ती सुटते, गावाच्या वहीत उशिरा चढते. दिवस किती भरले होते, हे नेमके कुणालाच सांगता येत नाही. हा प्रश्न फक्त तिला आणि तिच्या माणसांना ठाऊक आहे. त्यांना विचारल्याशिवाय तो कागदावर येणार नाही.

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. गावात वा वस्तीत असा अभ्यास आला, तर प्रश्न ठरवतानाच आयांना आणि बापांना बोलवा. संमतीचा कागद मराठीत वाचून दाखवा. निष्कर्ष ग्रामसभेत सांगा. संशोधनाच्या नीतिसमितीत सामान्य नागरिकाला जागा असते. गरोदरपणाच्या अभ्यासात ती जागा हे दुःख सोसलेल्या आईला द्या.

आणि शेतकरी भावांनो, घरातल्या बाईचे दिवस आजच वहीत लिहा. पेरणीची तारीख आपण विसरत नाही. शेवटची पाळी सुरू झाली ती तारीखही विसरू नका.