क्रमांक नसलेली शर्यत

पोलादपूर तालुक्यातील कुडपणची वाट सह्याद्रीत चढत जाते. अशा चढणीवर साध्या सायकलस्वाराला खाली उतरून सायकल हाताने ढकलावी लागते. शर्यतीच्या भाषेत हा पराभव होय. परंतु दूर पल्ल्याच्या ‘ब्रेव्हे’ नामक सायकलसफरीत या पराभवाला स्थानच नाही.

१८९१ साली पिएर जिफार या पत्रकाराने पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत अशी सुमारे १२०० किलोमीटरची शर्यत भरविली. शार्ल तेराँ याने ती तीन दिवसांच्या आत जिंकली. धंदेवाईक स्वारांची ही शर्यत १९५१ नंतर संपुष्टात आली. १९३१ पासून हौशी स्वारांना खुली झालेली सफर मात्र टिकली आणि आज ती दर चार वर्षांनी नव्वद तासांच्या मुदतीत होते. हजारोंचा सहभाग तिला लाभतो. याचे कारण तिच्या नियमांत शोधले पाहिजे.

ब्रेव्हेत २०० किलोमीटरना साडेतेरा, ३०० ना वीस, ४०० ना सत्तावीस आणि ६०० ना चाळीस तास मिळतात. ठरलेल्या नाक्यांवर वेळेत नोंद करावयाची, रात्री दिवे लावावयाचे, एवढे बंधन. नाक्यांखेरीज वाटेत सोबतच्या मोटारीची मदत चालत नाही; टपरीवरचा चहा मात्र विकत घेता येतो, कारण तो सर्वांनाच उपलब्ध असतो. वाहन मनुष्यबळावर चालले म्हणजे झाले. पहिला आणि शेवटचा असा भेद नाही.

महाराष्ट्राने या क्षेत्रात नाव कमावले आहे. अमेरिका आडवी ओलांडणारी ‘रॅम’ शर्यत नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ साली जोडीने, तर श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे अमित समर्थ यांनी २०१७ साली एकट्याने पूर्ण केली. हे यश अभिमानास्पद आहे. पण त्या शर्यतीला मदतनीसांचा ताफा लागतो आणि ताफ्याला पैसा. ब्रेव्हेचा नियम नेमका हाच खर्च बाद करतो. साधनांची विषमता त्याने नाहीशी होत नाही, परंतु तिचा लाभ मर्यादित होतो.

यावर एक आक्षेप रास्त आहे. घड्याळाला घाट दिसत नाही. ताशी पंधरा किलोमीटरची सरासरी सपाटीवर सोपी, आंबेनळीच्या चढावर अवघड. आणि हलकी, गिअरची सायकल तेथे निर्णायक ठरते. समान नियम म्हणजे समान संधी नव्हे. म्हणूनच महाड-पोलादपूरच्या महाविद्यालयांनी आरंभ धाकट्या पल्ल्यापासून करावा, घाटासाठी मुदत सैल ठेवावी आणि चार चांगल्या सायकली ग्रंथालयातील पुस्तकांप्रमाणे विद्यार्थ्यांना आळीपाळीने द्याव्यात. क्रीडांगणाला सपाट जमीन लागते, आणि डोंगरी मुलुखात तीच दुर्मिळ. रस्ता मात्र आहे.

एरवी शहरातील स्वार कोकणचे घाट पालथे घालीत राहतील, आणि कुडपणचा विद्यार्थी कडेला उभा राहून त्यांना वाट सांगेल. ती वाट त्याला अधिक ठाऊक आहे, हे विसरता कामा नये.