कागदावरचा मुसलमान आणि कोठडीतला मुसलमान

आमच्या उर्दू शाळेत मी मराठी शिकवते. नागरिकशास्त्राचे सर रजेवर असले की तो तासही माझ्याकडे येतो. असाच एक तास होता आणि विषय निघाला अमेरिकेच्या राज्यघटनेचा. फळ्यावर मी शब्द लिहिले: संघराज्य, सत्ताविभाजन, द्विगृही संसद, हक्कांची सनद. मुलं वहीत उतरवत होती. एवढ्यात मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, "टीचर, वहाँ कोई मुसलमान सदर बन सकता है क्या?"

वर्ग हसला. मला हसू आलं नाही. हा प्रश्न खुद्द अमेरिकेची घटना मंजूर होत असतानाच विचारला गेला होता.

थोडं मागे जाऊ. स्वातंत्र्यानंतर तेरा राज्यं एका सैल कराराने बांधलेली होती. 1781 मध्ये लागू झालेल्या त्या करारात केंद्राला कर बसवण्याचाही अधिकार नव्हता. म्हणून 1787 मध्ये फिलाडेल्फियात प्रतिनिधी जमले आणि नवीन घटना लिहिली गेली. आपण परीक्षेसाठी पाठ करतो तो प्रत्येक शब्द तिथल्या एकेका भांडणाची तडजोड आहे. मोठ्या राज्यांना लोकसंख्येवर जागा हव्या होत्या, लहान राज्यांना बरोबरी हवी होती. म्हणून दोन सभागृहं आली. कोणा एकाच्या हाती सगळी सत्ता जाण्याची भीती होती, म्हणून कायदे करणारे, राबवणारे आणि न्याय देणारे वेगळे ठेवले.

याच घटनेच्या सहाव्या कलमात एक छोटं वाक्य आहे. सरकारी पदासाठी कोणाचीही धर्माची कसोटी घेतली जाणार नाही, असं ते सांगतं. 1788 मध्ये नॉर्थ कॅरोलिनाच्या सभेत त्यावर वाद पेटला. उद्या मूर्तिपूजक आणि मुसलमानही पदावर येतील, अशी भीती काहींनी बोलून दाखवली. जेम्स आयर्डेल या वकिलाने उत्तर दिलं. त्याचा आशय असा होता की, एका गटाला वगळलं तर ज्या धर्मस्वातंत्र्यासाठी आपण झगडतो त्याचाच पाया जातो. हाच आयर्डेल पुढे सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश झाला.

वाचताना ऊर भरून येतो. पण त्याच घटनेचं पहिलं कलमही वाचायला हवं. तिथे लोकसंख्या मोजताना गुलामांची संख्या तीन-पंचमांश धरली आहे. त्या मोजणीने वाढलेल्या जागांचा फायदा मालकांच्या राज्यांना झाला. आणि भाषेची शिक्षिका म्हणून मला खटकतं ते हे की 'गुलाम' हा शब्दच तिथे नाही. 'इतर व्यक्ती' असं लिहून काम भागवलंय. 1808 पर्यंत माणसं आणण्याचा व्यापार संसदेने बंद करू नये, अशीही तरतूद होती.

1807 मध्ये त्याच व्यापारातून एक माणूस चार्ल्सटनला विकला गेला. उमर इब्न सईद. आजच्या सेनेगलच्या परिसरातला, शिकलेला माणूस. तो मालकाकडून पळाला, पकडला गेला आणि तुरुंगात पडला तो नेमका नॉर्थ कॅरोलिनामध्ये. ज्या राज्यात एका काल्पनिक मुसलमानावर तावातावाने चर्चा झाली, तिथेच खराखुरा मुसलमान कोठडीत होता आणि पुढे गुलाम म्हणूनच जगला. 1831 मध्ये त्याने अरबीत आत्मकथन लिहिलं. सुरुवातीला सूरह मुल्क लिहिली, म्हणजे खरी मालकी कोणाची हे सांगणारी सूरह. 1865 मध्ये तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी संपली, तेव्हा तो हयात नव्हता.

कसोटीचं ते वाक्यही आपोआप चाललं नाही. राज्यांनी आपापल्या अटी ठेवल्याच होत्या. मेरीलँडमध्ये नोटरी व्हायला देव मानतो असं जाहीर करावं लागे. एका माणसाने नकार दिला आणि तो कोर्टात गेला. 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. 2007 मध्ये कीथ एलिसन हे संसदेतले पहिले मुसलमान सदस्य झाले. शपथेच्या समारंभात त्यांनी हात ठेवला तो थॉमस जेफरसनच्या संग्रहातल्या कुरआनच्या प्रतीवर. त्या जेफरसनने स्वतः शेकडो गुलाम बाळगले होते.

आपल्याकडे घटनेविषयी दोन सूर ऐकू येतात. एक म्हणतो, "आईन है ना, फिर डर कैसा?" दुसरा म्हणतो, "कागद आहे, त्याने काय होतंय?" मला दोन्ही आळशीपणाचे वाटतात. कागदाने उमरला वाचवलं नाही, हे खरं. पण कागदावर धर्मस्वातंत्र्याची हमी नसती तर 1961 मध्ये कोर्टात बोट कशावर ठेवलं असतं? धर्मावरून सरकारी नोकरी नाकारता येणार नाही, असं आपल्या घटनेचं सोळावं कलम सांगतं. त्यावर बोट ठेवायला ते आधी वाचलेलं तर हवं.

त्या मुलीला मी म्हटलं, "बेटा, बन सकता है, लिहिलेलं आहे. अजून कोणी झालेलं नाही." मग फळ्यावरच्या शब्दांखाली आणखी एक शब्द लिहिला: 'इतर व्यक्ती'. हा परीक्षेला येणार नाही, पण वहीत ठेवा, असं सांगितलं.