पकड मोज्यांची, तोल पायांचा

गेल्या पावसाळ्यात डोंबिवलीतील एक आजोबा सुजलेले मनगट सांभाळत दवाखान्यात आले. वय ७४, मधुमेह जुना. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा सौम्य झटका येऊन गेल्यापासून त्यांचा उजवा पाय किंचित घासत पडतो. पायांत नातवाचे फुटबॉलचे मोजे होते, तळव्याला रबरी ठिपके असलेले. "घसरू नये म्हणून सूनबाईने दिले डॉक्टर, आणि त्यांनीच पाडले," ते म्हणाले. क्ष-किरण तपासणीत मनगटाचे हाड मोडलेले आढळले.

सूनबाईंचा हेतू चांगलाच होता. चूक कोठे झाली, ते समजून घेऊ.

धावता धावता एकाएकी थांबताना किंवा वळताना फुटबॉलपटूचा पाय बुटाच्या आत सरकतो. ठिपक्यांच्या मोज्यांमुळे हे सरकणे कमी होते. काही प्रयोगांत वळणावळणाने धावताना थोडा लाभही दिसून आला. मात्र प्रत्येक चाचणीत तो दिसतोच असे नाही. खेळाडूला पाय स्थिर वाटतो, हा लाभही छोटा नव्हे. तरी खरे कौशल्य स्नायूंत आणि सरावात असते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले आणि फ्रान्सकडून अवघ्या २-१ अशा फरकाने हरले.

आता आपल्या घरात या. खेळाडूचे मोजे बुटात असतात. आजोबांचे थेट लादीवर. खेळाडू पाऊल उचलून टाकतो. अर्धांगवायू, कंपवात किंवा गुडघेदुखी असलेली व्यक्ती मात्र पाऊल सरकवत नेते. अशा वेळी ठिपके लादीला अडकतात, पाऊल जागीच थबकते आणि शरीर पुढे जाते. म्हणजे घसरण्याचा धोका टळतो, पण अडखळण्याचा वाढतो. आजोबांचे नेमके हेच झाले.

आणखी तीन गोष्टी ध्यानात असू द्याव्यात. खेळाचे मोजे घट्ट असतात; मधुमेहात पायांची संवेदना आणि रक्तपुरवठा कमी झालेला असेल, तर शिवणीचा वा इलॅस्टिकचा दाब कळत नाही आणि जखम होते. सैल मोजा फिरला, की ठिपके वर येतात आणि तळव्याखाली गुळगुळीत कापड उरते. न्हाणीघरात मोजा भिजला, तर त्याच्या पकडीचा भरवसा राहत नाही. रुग्णालयांतही असे मोजे दिले जातात. परंतु केवळ त्यांच्यामुळे पडणे थांबते, असा ठोस पुरावा नाही.

पासष्टी ओलांडलेल्यांपैकी साधारण तिघांतील एक जण वर्षातून एकदा तरी पडतो, असे जगभरचा अनुभव सांगतो. म्हणून उपाय एकट्या मोज्यांवर सोपवू नका.

घरात मागे पट्टा असलेली, मापाची, रबरी तळाची चप्पल वापरावी. ठाणे असो वा कल्याण, पावसाळी दमट हवेत गुळगुळीत लाद्यांवर ओल धरते. दारातील ओल्या छत्रीखाली बादली ठेवावी आणि पाणी लगेच पुसावे. न्हाणीघरात भिंतीला भक्कम दांडी बसवावी. टॉवेलच्या दांडीला भार पेलत नाही. रात्री लघवीस जाण्याच्या वाटेवर मंद दिवा असावा. अंथरुणातून उठताना मिनिटभर काठावर बसावे. रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळ्यांनी तोल जात असेल, तर त्या स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना सांगावे. मधुमेहींनी तळवे रोज पाहावेत. वाकता येत नसेल, तर घरच्यांनी पाहावेत.

आणि सराव? तो फुटबॉलपटूची मक्तेदारी नव्हे. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठणे-बसणे, तसेच ओट्याला धरून टाचा उचलणे, जमेल तितके रोज करावे. सुरुवातीला कोणी तरी जवळ उभे असावे. अर्धांगवायू झालेल्यांनी आधी भौतिकोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

आमच्या आजोबांचे मनगट आता बरे झाले आहे. मोजे नातवाकडे परत गेले. तो मैदानावर जाण्यापूर्वी आजोबांच्या खुर्चीजवळ उभा राहतो आणि त्यांच्या उठाबशा मोजतो. परवा त्या आठ झाल्या.