वायफायचा दोष आधी शोधा, पैसे नंतर मोजा

महिन्याची २० तारीख जवळ आली की आमच्या व्यापारी बांधवांची एकच तक्रार कानी येते. जीएसटीचे मासिक विवरणपत्र भरावयास बसावे तर लॅपटॉपवर वायफायची एकच कांडी, पोर्टल अर्ध्यावर अडकलेले, आणि दुसऱ्या दिवसापासून रोजचे ५० रुपये विलंब शुल्क सुरू. कारखान्याच्या दारात माल भरलेला टेंपो उभा आणि ई-वे बिल निघत नाही, हाही अनुभव नवा नाही.

अशा वेळी घाईने जो खर्च होतो त्याविषयी आम्हास बोलावयाचे आहे. कोणी महागडा प्लॅन घेतो, कोणी बूस्टर आणतो, कोणी चालता लॅपटॉप विकून मोकळा होतो. कापडात खोट दिसली तर ती सुतात आहे, रंगात आहे की मागावर पडली हे आमचा कारागीर आधी पाहतो. येथेच ही शिस्त का सुटावी?

पाहणी सोपी आहे. लॅपटॉप उचलून राउटरपासून पाच-सहा फुटांवर न्यावा. तेथे कांड्या पूर्ण असूनही काम रखडत असेल तर बहुधा बाहेरून येणारी लाइनच मंद आहे. तक्रार कंपनीकडे करावी. तेथे काम सुरळीत आणि गल्ल्यावर येताच कांड्या गळत असतील, तर त्याच जागी मोबाइल त्याच वायफायला जोडून पाहावा. मोबाइललाही रेंज नसेल तर दोष जागेचा. मोबाइल चालतो आणि लॅपटॉप अडतो, तर दोष लॅपटॉपचा.

आमच्या पाहण्यात बहुतेक वेळा दोष जागेचाच निघतो. जोडणी करणारा मुलगा वायर जिथून आत आली तिथेच, शटरच्या पेटीमागे किंवा माळ्यावर, राउटर ठोकून जातो. मग आम्ही त्याच्यापुढे लोखंडी कपाट उभे करतो! धातू या लहरी परतवून लावतो. कारखान्याचे पत्रे, सळयांचा स्लॅब, दुकानातील मोठा आरसा, सारे त्यात आले. भरलेली पाण्याची टाकी लहरी शोषून घेते. राउटर मोकळ्यावर, थोडा उंच आणि शक्यतो जागेच्या मधोमध हवा. तीन गाळ्यांनी मिळून एक कनेक्शन घेण्याची काटकसर दोन भिंतींपलीकडच्या भागीदाराला महाग पडते, हेही सांगून ठेवतो.

राउटरची बहुधा दोन नावे दिसतात. २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंती ओलांडून दूर जाते, पण बाजारपेठेत तिच्यावर गर्दी फार. ५ गिगाहर्ट्झची वेगवान, पण भिंतीपुढे लवकर दमते. राउटर समोर असेल तर दुसरी घ्यावी, आड भिंत असेल तर पहिली. गर्दीत पहिलीचा चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी जो मोकळा असेल तो ठेवावा. हे तीन एकमेकांवर चढत नाहीत.

लॅपटॉपचा अँटेना बहुधा पडद्याच्या चौकटीत असतो आणि त्याच्या बारीक तारा बिजागरीतून खाली येतात. बिजागरी दुरुस्त केल्यावर रेंज गेली असेल तर तार निसटली समजावे आणि त्याच कारागिराकडून ती बसवून घ्यावी. यूएसबी ३ ची हार्डडिस्क खेटून ठेवली तरी २.४ ची लहर बिघडते; इंटेल कंपनीने हे २०१२ सालीच नोंदवले आहे.

बूस्टरविषयी आमचे मत प्रतिकूल आहे. रेंज नसलेल्या जागी तो लावला तर पुढे पाठवायला त्याच्याजवळच काही नसते. शिवाय एकाच लहरीवर घेणारा-देणारा साधा बूस्टर वेग निम्म्यावर आणतो. गल्ला जागचा हलत नाही, मग बिलाच्या लॅपटॉपला वायफाय हवेच कशाला? लॅनची तार १०० मीटरपर्यंत चालते. लॅपटॉपला तिचे भोक नसेल तर यूएसबीचा जोड काही शे रुपयांत मिळतो. यंत्रमागाच्या शेडमध्ये तार पाइपातून न्यावी आणि विजेच्या जाड केबलपासून वेगळी ठेवावी.